मी मुळीच एकटा नाही

३ मार्च
जॉर्जियातल्या काखेती प्रांतातल्या या गावात फुकट इंग्लिश शिकवायला येऊन दोन वर्षं झाली. मुदतवाढीचा अर्ज टाकलाय. २० तारखेला तिबिलिसीहून पर्यवेक्षक बाई येणार. वर्ग इंग्लिश बोलला तर मी इथेच, नाहीतर इंग्लंडात लीड्सला परत. लीड्सला जायची भीती वगैरे वाटते असं नाही.
संकल्प : उद्यापासून घोकंपट्टी बंद. मुलं मनाचं बोलतील.

४ मार्च
घोकंपट्टी बंद झाली. मनाचं कुणालाच काही सुचेना. म्हणून नमुन्यादाखल फळ्यावर माझीच माहिती लिहिली : 'माझं नाव नॉर्मन. वय अठ्ठावन्न.' हा फक्त नमुना आहे, असं तीनदा बजावलं. इंग्लिशमध्ये.

९ मार्च, सकाळी ७
संकल्प : नाश्ता न करता वेळेवर शाळेत.

९.४०
घरमालकीण त्सियालाबाई म्हणाल्या, "उपाशी मास्तर काय शिकवणार, डोंबल! बसा गुमान." चीज भरलेल्या तीन खाचापुरी. पहिला तास हुकला. यात माझा दोष नाही.

११ मार्च
मुलं विचारत होती, मास्तर, बायको कुठंय? जीवन हेच खरं पाठ्यपुस्तक. नमुन्यात भर घातली : 'माझी बायको पॉलीन दातांच्या डॉक्टरबरोबर राहते. मला त्याचं काही वाटत नाही. माझा उजवा गुडघा दुखतो. मी मुळीच एकटा नाही.' सगळ्यांनी निमूट उतरवून घेतलं. एकही प्रश्न नाही, म्हणजे समजलं.

१६ मार्च
शेजारच्या बाद्रीच्या द्राक्षवेलींची छाटणी. अर्धाच तास जाणार होतो, तेवढाच त्याला इंग्लिशचा सराव. अंधार पडल्यावर परतलो. बाद्री एक शब्द शिकला नाही. मी चार जॉर्जियन शिव्या शिकलो.

२० मार्च
बाई आल्या. पहिल्या बाकावरच्या नऊ वर्षांच्या मझियाला इंग्लिशमध्ये नाव विचारलं. मझिया ताठ उभी राहिली.
"माझं नाव नॉर्मन. वय अठ्ठावन्न." तिथून थेट गुडघ्यापर्यंत, एक अक्षर न चुकता.
मागच्या झुराबला विचारलं. तोही नॉर्मन. अकराच्या अकरा नॉर्मन, अकरा जणांच्या बायका डेंटिस्टकडे. हेडबाई नानुली कौतुकाने मान डोलावत होत्या. त्यांना इंग्लिश येत नाही.
मास्तरांनी फळ्यावर लिहिलेलं इथली पोरं पाठ करणारच, हे दोन वर्षांत कळायला हवं होतं, असं पर्यवेक्षक बाईंचं मत पडलं. मग त्यांनी मला विचारलं, तुम्हाला इथेच का राहायचंय? मी तोंड उघडलं. तेवढ्यात वर्ग एका सुरात ओरडला, "मी मुळीच एकटा नाही!"
बाईंनी हेडबाईंना सगळ्याचा अर्थ सांगितला. हेडबाईंनी डोळ्याला पदर लावावा तसा रुमाल लावला.

२१ मार्च
दुपारपर्यंत गावभर झालं. गुडघ्यासाठी सात मलमं आली. बाद्री म्हणाला, "हे बघ माझे दात! जन्मात डेंटिस्टच्या दारात गेलो नाही. बरं केलं की नाही?" तो फक्त नमुना होता, असं प्रत्येकाला सांगितलं. त्सियालाबाईंनी चौथी खाचापुरी वाढली.

२ एप्रिल
पत्र आलं. मुदतवाढ मंजूर! माझ्या पद्धतीचा विजय.

दुपारी
पत्र पूर्ण वाचलं. इंग्लिश शिकवायला दुसऱ्या बाई येणार, मी त्यांचा मदतनीस. मंजुरीचं कारण : 'गावातल्या एकशे चार जणांच्या सह्या. शिक्षकांना घरी वाट बघणारं कुणी नाही.'
हे धादांत खोटं आहे, असं कडक शब्दांत कळवायला बसलो होतो. पण जेवण गार होतंय म्हणून त्सियालाबाई केव्हाच्या हाका मारतायत.