बायकांचा पाव तास

त्येर, फ्रान्स
सोमवार, २० मे २०१९

प्रिय एतेल्विनाताई,

आधी तुझा आशीर्वाद मागतो, मग लिहायला लागतो. तुझा गुडघा कसा आहे? माझा ठीक आहे. या गावात सपाट रस्ताच नाही, त्यामुळे गुडघ्याला दुखायला सवड मिळत नाही. गावी येऊन गेलेल्या बेल्मीरोच्या गाडीतून तू पाठवलेले सॉसेज पोचले. स्वयंपाकघरात टांगलेत. येता-जाता वास येतो आणि आईची चूल आठवते.

तू फोनवर विचारलंस, पलंग खिडकीशी लावायचा की भिंतीशी, आणि चुना मारायला माणूस जुलैत सांगू का. ऑगस्टमध्ये मी आपल्या गावी, पोर्तुगालला, कायमचा परतणार म्हणून तू घर तयार करते आहेस, ते मला ठाऊक आहे. त्याचं उत्तर देतोच. आधी थोडं गाण्यांविषयी. हसू नकोस.

माझी कुस्तोदिया देवाघरी गेल्यावर घर फार गप्प झालं. ती होती तेव्हा दर रविवारी आपली गाणी लागायची. एकट्यानं ती लावायला हात धजेना. मग एका सकाळी कॉफी ओतत होतो, तर भिंतीतून सूर आले. पलीकडे मोरिसेत राहते. पोस्टात खिडकीवर बसायची, आता निवृत्त आहे, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्याकडे तिच्या तरुणपणच्या तबकड्या आहेत. म्हणजे माझ्याही तरुणपणच्या, पण तेव्हा मी चाकूंच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकापुढे वाकलेला असायचो. रेडिओ तिथेही होता. चाकाच्या घरघरीतून नुसता ठेका यायचा, गाणं कधी पोचलं नाही. घरी आलो की आपली माणसं, आपली भाषा, आपली गाणी. ताई, पन्नास वर्षं मी या लोकांत राहिलो, आणि प्रेमात पडल्यावर ही माणसं काय म्हणतात, ते मला माहीत नव्हतं.

मी तिचं दार वाजवलं. ती ओशाळली.

“आवाज फार होतोय का, मोस्यू आर्मिंदो? कमी करते.”

“नाही, जरा वाढवा. शेवटचं कडवं ऐकू येत नाही.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “हे गाणं माहीत नाही? इथे शेंबडं पोरही म्हणतं. इतकी वर्षं होतात कुठे?”

“तुमचे चाकू घासत होतो.”

मग तिनं आत बोलावलं. कॉफी दिली, आपल्यासारखी कडक नाही, पण चालते. तेव्हापासून सकाळी मी तिकडे जाऊन ऐकतो.

कशी असतात ही गाणी, सांगू? आपल्याकडचं दुःखाचं गाणं डोक्यापासून पायापर्यंत काळी शाल पांघरून येतं. यांचं दुःख रंगीत फ्रॉक घालून उड्या मारत येतं. एकात मुलगी म्हणते, तो मला सोडून गेला, म्हणून मी पिवळा रेनकोट विकत घेतला. बस्स, एवढंच. मागे ढोलकं टिपटिप वाजतं, पाय ठेका धरतो, आणि डोळे कधी भरले ते कळत नाही. छाती फोडून कुणी गात नाही. शेजारी बसून सांगितल्यासारखं सांगतात. आणि एरवी बोलताना ज्या अक्षरांचा यांच्या तोंडी घास होतो, ती गाताना एकेक करून बाहेर ठेवतात. पहिल्यांदा ते ऐकलं आणि फेलिस्मीनाबाईंचा वर्ग आठवला. कविता म्हणताना एक अक्षर गिळलं तर पट्टी बसायची. त्या कविता मी शाळेच्या वाटेवर तुला म्हणून दाखवायचो, आणि तू म्हणायचीस, “पुरे कर, शेळ्या चरायच्या थांबल्यात.”

मोरिसेतला ते सांगितलं, तर म्हणून दाखवाच, असं ती हटूनच बसली. मग तिनं एक तबकडी लावली आणि त्यावर मी आपली ती नदीची कविता म्हटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठे अडली नाही. तिला एक शब्द समजला नाही. टेबलावर बोटं वाजवत होती.

“काय होतं त्यात?”

“नदी आहे. समुद्राला मिळते.”

“एवढ्याशासाठी इतकी कडवी?” म्हणाली. मग जरा वेळानं, “परत म्हणा.”

आता कालचं. नगरपालिकेच्या सभागृहात दुपारी म्हाताऱ्यांचा नाच असतो. केक, चहा आणि तीच जुनी गाणी. इतक्या वर्षांत मी तिकडे फिरकलो नव्हतो. काल बेल्मीरोला घेऊन गेलो आणि भिंतीला पाठ लावून बसलो. मध्येच माइकवरून पुकारा झाला, “आता बायकांचा पाव तास.” मला वाटलं, बायका आपापसात नाचणार. दिवे मंद झाले, संथ गाणं लागलं. बघतो तर मोरिसेत समोर उभी, निळा पोशाख, हात पुढे. बिचारी दमली असेल, बसायला जागा हवी असेल, म्हणून मी चटकन उठलो आणि माझी खुर्ची तिला दिली.

तीही बसली. गुपचूप, पर्स मांडीवर घेऊन. मी शेजारी दरवानासारखा उभा. सगळी ओळ खिदळायला लागली.

बेल्मीरोनं मला कोपरानं ढोसलं. “अरे गाढवा, या पाव तासात बायका पुरुषांना नाचायला बोलावतात. खुर्ची काय देतोस, हात दे.”

मोरिसेत म्हणाली, “राहू द्या हो. पन्नास वर्षांत मला कुणी इतक्या अदबीनं नकार दिला नव्हता.”

मग आम्ही नाचलो. म्हणजे जागच्या जागी हललो. तिचं डोकं माझ्या खांद्यापर्यंत येतं. अर्ध्या गाण्यात ती म्हणाली, “ऑगस्टमध्ये कायमचे जाताय, असं बेल्मीरो सांगत होता.”

माझं पाऊल चुकलं. ती म्हणाली, “गाणं चालू असताना बोलू नये. संपल्यावर सांगा.”

ते गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. मी हात सोडला नाही, आणि तेच माझं उत्तर होतं, हे तिला माझ्याआधी कळलं असावं.

तेव्हा ताई, पलंगाचं. चुन्याचा माणूस सांगू नकोस. मी कायमचा येत नाही. हे फोनवर बोलायला किती वेळा तोंड उघडलं, आणि दर वेळी हवापाण्याचं बोलून फोन ठेवून दिला. तू माझ्यासाठी कोंबड्यासुद्धा वाढवल्यास. तुला वाईट वाटेल, आणि ते मी खोडून काढणार नाही. चर्चमागे कुस्तोदियाच्या शेजारची जागा माझीच आहे, ती तशीच राहू दे. तिथे मी येणारच आहे, त्यात बदल नाही. त्याआधी जेवढ्या सकाळी उरल्यात, त्या मला इथे, त्या भिंतीच्या पलीकडे हव्यात.

ऑगस्टमध्ये पंधरा दिवस मात्र येईन. मोरिसेतलाही आणायचं मनात आहे. आज तिला विचारलं. म्हणाली, “तुम्ही बोलावून मी यायची नाही. घर बहिणीनं राखलंय, बोलवायचं की नाही तिनं ठरवावं.” तुझी तिला धास्ती वाटते. मी म्हटलं, मलाही वाटते.

म्हणून आता पाव तास तुझा आहे. बोलावलंस तर तिला खिडकीशी पलंग दे, मी भिंतीशी कुठेही पडेन. नाही बोलावलंस तर एकटा येईन, तुझ्या हातचं कोबीचं सूप पिईन आणि कुरकुर करणार नाही.

मी खुर्चीवर बसून आहे. या वेळी खुर्ची देऊन टाकायची चूक करणार नाही.

तुझा हात पुढे येण्याची वाट पाहणारा,
तुझा धाकटा,
आर्मिंदो