दात पडेपर्यंत अक्षर बंद

सिग्नेट, टास्मानिया
१९ ऑगस्ट

प्रिय आयडाताई,

धाकट्या एल्वाचा नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण मागच्या पत्रात तुझ्यापेक्षा त्याच्याबद्दलच मजकूर जास्त होता. आता वाकतो का तो? बर्नीची हवा त्याला मानवत नाही हे मी चाळीस वर्षं सांगतेय, पण तुला खिडकीतून समुद्र दिसायला हवा. (समुद्र आमच्याकडेही आहे. मुद्दाम बघायला कोणी जात नाही.) भाऊजींचा खोकला आणि मांजराचं पोट या दोन्हींची मी चौकशी केली म्हणून सांग, आधी मांजराला. माझं म्हणशील तर खुब्यात नवं हाड बसवल्यापासून चालणं सुधारलंय. डोकं मात्र ठिकाणावर राहिलेलं नाही, आणि ते का हे सांगायलाच हे पत्र. चहा घेऊन बस, लांबेल.

तू विचारलं होतंस की लेकाकडे, मरेकडे, येऊन चार महिने झाले, रुळलीस का. ताई, रुळायला आधी कळावं लागतं की आज काय आहे. सून सास्किया स्वभावाने वाईट नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. पण ती मेलबर्नची. शहरात राहून तिला कोणीतरी सांगितलं की माणसाने निसर्गाच्या लयीत जगावं, आणि ती लय शोधायला ती आमच्या मरेपर्यंत येऊन पोचली. स्वयंपाकघरात तिने त्या लयीचा तक्ता रंगवून लावलाय. सोमवारी तांदूळ, मंगळवारी जव, गुरुवारी राय, असं प्रत्येक वाराला एक धान्य नेमलेलं. मी पंच्याहत्तर वर्षं वार कॅलेंडरवर बघितले, इथे ते ताटात बघावे लागतात. साखर नाही, टीव्ही नाही. पावाचं आंबवण एका बरणीत असतं आणि त्याला नाव आहे, बार्नबी. सकाळी सास्किया आधी बार्नबीची विचारपूस करते, मग माझी. (भुशाच्या संडासाबद्दल मी पत्रात काही लिहिणार नाही. आमचा पोस्टमन सज्जन माणूस आहे, चुकून पाकीट फाटलं तर त्याने का सोसावं.) मला राहायला जुनी सफरचंदांची शेड दिलीय. चांगली डागडुजी केलीय, चूल आहे, फक्त भिंतींना अजून जुन्या खोक्यांच्याच फळ्या, जातींची नावं छापलेल्या. म्हणजे ज्या शेडमध्ये बेचाळीस वर्षं खोकी भरून मी सुटले, तिच्यातच मला परत आणून झोपवलंय.

एवढं मी सोसलं असतं. आता नातीबद्दल ऐक. तिचं नाव टॅन्सी, हे तुला ठाऊक आहे. (जी झुडपं आपण माश्या येऊ नयेत म्हणून संडासामागे लावायचो, तीच. मी बारशाच्या दिवशी हे बोलले, आणि तेव्हापासून मला कुठल्याच बारशाला बोलावत नाहीत.) टॅन्सीची शाळा घरीच. सकाळी हात धरून गोल करायचा, मेणबत्ती लावायची, सूर्याला उद्देशून चार ओळी म्हणायच्या. ऑगस्टात सूर्य दहापर्यंत टेकडीमागून वर येत नाही, तेव्हा त्या ओळी तो ऐकतो की नाही कोण जाणे. मग ओढ्यापर्यंत फिरायला जायचं, शेवाळ गोळा करायचं, ओल्या कागदावर रंग सोडायचे, लोकरीचे बुटके बाहुले विणायचे. पोर हुशार आहे. कुठल्या झाडाखाली कुठली अळंबी येते, कोंबडी खुडूक कधी बसणार, पाऊस कुठल्या बाजूने येईल, सगळं सांगते. मंगळवारचा एक तास माझ्या, म्हणजे आजीच्या नावावर आहे, तक्त्यावर ‘नॅन: हस्तकौशल्य’ असं लिहिलंय. त्यात मी तिला कोंबडी सोलायला शिकवलं. सास्किया जरा पांढरी पडली, पण वहीत लिहून घेतलं.

तर सात वर्षं आठ महिन्यांची ही घोडी, आणि तिला एक अक्षर ओळखता येत नाही. एकही नाही. मी सास्कियाला विचारलं, हे राहिलं कसं?

“राहिलं नाही नॅन, अजून वेळ आलेली नाही. तिचे दुधाचे दात कुठे पडलेत?”

मी म्हटलं, “दातांनी वाचतात का तुमच्यात?”

“शरीर अजून स्वतःला घडवतंय. नवे दात आले की ते काम संपतं, मग तीच ताकद अक्षरांकडे वळते. आधी घाई केली तर मुळांना धक्का बसतो.”

“आणि दात दहाव्या वर्षी पडला तर?”

“तर दहाव्या वर्षी,” ती म्हणाली, आणि बार्नबीला पीठ घालायला निघून गेली.

ताई, माझ्या डोक्यात जो जाळ झाला तो अजून विझलेला नाही. मेंढ्यांची तोंडं उघडून बघण्यात माझं आयुष्य गेलं. दोनदाती कुठली, चारदाती कुठली, हे मी कुंपणाबाहेरून सांगते. पण दात आले नाहीत म्हणून मी कुठल्या मेंढीला गवतावर जाऊ दिलं नाही, असं कधी झालं नाही. आणि मला माहीत आहे ना, अक्षर कमी पडलं की काय होतं ते. औषधाच्या बाटलीवरचं मी आजही तीनदा वाचते आणि तीनदा वेगळं निघतं. दवाखान्यात कागद पुढे केला की मी चष्मा विसरले म्हणते. चष्मा नाकावर असतो तेव्हाही म्हणते.

मी गप्पच बसणार होते. (हसू नकोस.) पण गेल्या महिन्यात टॅन्सी माझ्याबरोबर गावात आली, आणि दुकानाबाहेर एक पाच वर्षांची पोरगी पाटीवरचं भराभर वाचत उभी होती. तिने टॅन्सीला विचारलं, तुला नाही येत? आमची म्हणाली, “नाही, मला अजून दात आहेत.” त्या पोरीने जे बघितलं तिच्याकडे, ते मला आवडलं नाही. टॅन्सीलाही आवडलं नसावं, कारण घरी आल्यावर ती खुराड्यात माझ्यामागे येऊन उभी राहिली, तोंड वासून.

“नॅन, बघ. मेंढीचं बघतेस तसं बघ.”

बघितलं. खालचा पुढचा एक किंचित हलत होता. मी म्हटलं, याचं काम करता येईल.

पहिल्यांदा क्रॉफ्टन जातीची सफरचंदं झाली, जुलैतली, म्हणजे दगडच. दिवसाला चार. पोट बिघडलं, दात जागेवर. मग दोरा. एक टोक दाताला, दुसरं खुराड्याच्या दाराला, आणि मी दार लाथेने लोटलं, नव्या खुब्याच्या पायाने. दाराचं बिजागर निघून आलं. दात जागेवर. अकरा कोंबड्या ओढ्यापर्यंत गेल्या, त्या गोळा करायला दुपार गेली, आणि सास्कियाने वहीत लिहिलं, ‘मुक्त हालचाल.’ शेवटी मी शेडच्या चुलीवर चोरून टॉफी केली. (साखर कुठून आणली ते विचारू नकोस, मरेलाही विचारू नकोस.) अशी कडक आणि चिकट की कुठलाही दात तिच्याबरोबर यावा. आणि आला की. टॅन्सीचा नव्हे. कसं चावायचं ते दाखवायला मी आधी तोंडात घातली, आणि माझी वरची कवळी तिच्यात रुतून बाहेर आली. आम्ही दोघींनी ओढलं, गरम पाण्यात घातलं, सुरीने खरवडलं, काही उपयोग झाला नाही. टॅन्सी म्हणाली, नॅन, मी जपून ठेवते. मला काय माहीत तिने कुठे ठेवली ते. या घरात एक ऋतूचं टेबल आहे, त्यावर हिवाळा मांडतात, म्हणजे शेवाळ, वाळकी पानं, पक्ष्याचं रिकामं घरटं, लोकरीचे बुटके. त्या घरट्यात टॉफीसकट माझी कवळी.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अधिकारीण आली. घरी शिकवायचं तर सरकारकडे नोंद लागते आणि वर्षातून एकदा माणूस येऊन बघून जातो. त्याने सही केली नाही तर सोमवारपासून पोर शाळेच्या बसमध्ये. बाईंचं नाव ड्राइसडेल, पायात तपकिरी बूट, चेहरा तसाच. सास्किया पहाटेपासून रंगवलेले कागद मांडत होती. चिडवणीचा, म्हणजे खाजऱ्या पाल्याचा, चहा तिने कपाऐवजी बशीतच ओतला. मला जरा दया आली. पण त्या चहाचा घोट घेतला आणि गेली.

ड्राइसडेलबाईंनी सगळं नीट बघितलं. विणकाम, अळंब्या, कोंबडी सोलल्याची नोंद. मग त्या ऋतूच्या टेबलाशी गेल्या आणि घरट्यात हात घातला.

“हे काय आहे?”

“नॅनचे दात,” टॅन्सी म्हणाली. “नॅनचे सगळे पडलेत, म्हणून नॅनला वाचता येतं.”

बाईंनी कवळी हळूच परत घरट्यात ठेवली. “आणि तुला?”

“माझा एकही नाही पडला. पण आम्ही खूप प्रयत्न करतोय.”

त्या ‘आम्ही’वर सास्कियाने माझ्याकडे जे बघितलं, ताई, ते बार्नबीने बघितलं असतं तर नासला असता. मग तिने दातांचं सगळं शास्त्र बाईंना सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आमच्या फॉर्मात दातांचा रकाना नाही.” नोव्हेंबरात त्या परत येणार. तोपर्यंत मुलीने साध्या पुस्तकाचं एक पान वाचून दाखवायचं. आणि वाचन कोण शिकवणार, ते नाव त्यांना आत्ताच लिहून हवं होतं. सास्किया म्हणाली, मीच शिकवीन, पण आठवड्याला एक अक्षर, चित्रातून, गोष्टीतून उमलत. बाईंनी बोटांवर मोजलं. सव्वीस आठवडे होत होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

आता बघ. मला हेच तर हवं होतं. बस आली असती, पोर शाळेत गेली असती आणि ख्रिसमसच्या आत वाचायला लागली असती. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची इतकी चांगली संधी मला जन्मात मिळाली नव्हती. पण मी विचार केला, चार महिने या घरात त्या अक्षरांसाठी भांडले मी, दार मोडलं मी, कवळी गेली माझी, आणि शिकवल्याचं नाव घेणार ती बसवाली शाळा? मी म्हटलं, “मी शिकवते.” कवळी नसल्यामुळे बाईंना कळलं नाही, म्हणून मला ते दोनदा म्हणावं लागलं. दोनदा म्हटल्यावर माघार घेता येत नाही.

त्यांनी रकाने भरले, सही केली आणि गेल्या. सास्कियाने तक्त्यावर रोज सकाळचं ‘नॅन: वाचन’ रंगवलं, पानाफुलांची वेलबुट्टी काढून, आणि मग मोरीशी उभी राहून बराच वेळ एकच कप घासत होती.

आणि तो दात. पुढच्या गुरुवारी रायच्या लापशीत पडला. आपणहून, चमच्यात, कोणी बोटही लावलं नव्हतं. सास्कियाने तो तळहातावर घेतला, डोळ्यांत पाणी, आणि मला म्हणते, “बघा नॅन, वेळ आली की सगळं होतं.” सफरचंदं माझी, दोरा माझा, टॉफी माझी, आणि श्रेय वेळेला.

तेव्हापासून रोज नऊला माझा वर्ग असतो, शेडमध्ये. माझ्या वर्गाला मेणबत्ती लागत नाही. मेंढ्यांवर खूण करायचा निळा खडू आहे आणि भिंतीवरच्या फळ्या आहेत. सास्कियाचं म्हणणं, निदान मेणाचे रंग वापरा, खडूचा रंग आक्रमक आहे. मी म्हटलं, मेंढ्यांनी कधी तक्रार केली नाही. पोर भुकेल्यासारखी शिकते. दोन आठवड्यांत अर्ध्याच्या वर अक्षरं झाली. मोठे शब्द अडतात, छोटे जमतात. पहिला शब्द तिने आपल्या मनाने वाचला तो बापाच्या गाडीत. सीटखाली कागदी पिशवी सापडली, त्यावर छापलेलं होतं, ‘पाय’ (कोंबडीचा नव्हे, बेकरीतला, आत मटण भरलेला). मोठ्याने वाचलं, आईसमोर. मग दुसरी काढली आणि तेही वाचलं, मग तिसरी. सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर दिवसभर राबून आलेला माणूस लपून असा एखादा पाय खाणारच, पण हे सास्कियाला कोणी सांगावं. मरे दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. आज सकाळी एवढंच म्हणाला, “आई, तिला जरा सावकाश शिकव.”

असं हे आरोग्यदायी घर. तू म्हणतेस बर्नीला ये. येईन, पण नोव्हेंबरनंतर. आत्ता मला सुट्टी नाही.

भाऊजींना आणि मांजराला सांभाळ.

तुझी, सांगितलेलं कधीच न ऐकलेली बहीण,
एल्वा

ता. क. कवळीची काळजी करू नकोस. सोडा घालून उकळली. आता पूर्वीपेक्षा घट्ट बसते, आणि जरा गोड लागते.

ता. क. दुसरा. एक किरकोळ काम राहिलंच. ड्राइसडेलबाईंच्या फॉर्मात शिकवणाऱ्याच्या शिक्षणाचा रकाना होता. मला बाबांनी पाचवीतून काढून शेडमध्ये घातलं, ते तिथे लिहिलं असतं तर पोर बसमध्ये गेली असती. म्हणून मी सांगितलं, आठवी पास, दाखला आहे. बाई म्हणाल्या, उत्तम, नोव्हेंबरात बघते. तर आठवीचा दाखला आपल्या दोघींत एकीकडेच आहे, आणि तो तुझ्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलाय. तू शिकलीस आणि मी खोकी भरली, याबद्दल मी साठ वर्षांत एक शब्द काढला नाही. आत्ताही काढत नाही, नुसतं लिहितेय. फ्रेम तुझ्याकडेच ठेव, कागद तेवढा पोस्टाने पाठव. बाईंचा फोन आला तर पाचवीतून निघालीस ती तू. फोनवर कोणाला काय दिसतंय.

ता. क. तिसरा. पाठवण्याआधी दाखल्यावरच्या पहिल्या नावावर थोडा चहा सांड. माहेरचं आडनाव वाचता आलं पाहिजे. बिनदुधाचा सांड, दुधाचा नंतर वास येतो.