हळद्याचं घरटं

१२ मे, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना एकेक पायरीने उतरतेस की पुन्हा शहाणपणा सुरू? मी ठणठणीत. माझं जेवण कमी झालंय असं सूनबाई कळवेल. मनावर घेऊ नकोस.

तलाव निम्म्यावर आलाय. वसंत आहे, पण काठावर बसून कविता म्हणावीशी वाटत नाही. कॅमेरेवाल्यांनी नुसता उच्छाद मांडलाय. पावाची पाकिटं, पानाच्या पिचकाऱ्या, वर मोबाईलवर शीळ वाजवून पाखरांना फसवायचं. शिसारी येते बघ.

रविवारी पंपघरामागचं हळद्याचं घरटं बघायला येणार म्हणतेस. येऊ नकोस. ऊन फार आहे.

ऊन हे कारण नाही, ताई. घरटंच उरलं नाही.

ते झाड कुणाला दाखवायचं नाही, हे आपलं चाळीस वर्षांचं ठरलेलं. गुरुवारी एक टोपीवाला कॅमेरा घेऊन शेजारी बसला. मी आपली शाळेतली पाखरांची कविता म्हटली. त्याने चारही कडवी ऐकून घेतली. "वा आजोबा! तुम्ही म्हणजे चालतं-बोलतं पाठ्यपुस्तक!" घरी मी पहिली ओळ म्हटली की टीव्हीचा आवाज वाढतो. मी विरघळलो. उठलो आणि त्याला थेट झाडाखाली नेलं.

"पानं आड येतायत हो. फांदी जरा ओढून धरता? तुमच्या काठीच्या मुठीला आकडा आहेच."

धरली. तू दिलेल्या काठीने. मादी जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि मी त्याला विचारत होतो, "आलं का छान?"

फांदी कडकन मोडली. तीन अंडी होती. एक काठीच्या मुठीवर फुटलं, दोन खालच्या दगडांवर. पूर्वी तिथे पाणी असायचं.

"जाऊ दे हो, घालेल परत," म्हणाला, आणि दगडांचाही फोटो काढला.

त्याची किळस तुला सांगावी म्हणून पत्र लिहायला बसलो होतो. पण काठीची मूठ तीनदा धुतली, तरी वास माझ्याच बोटांना येतोय. काठी परत पाठवतोय. मी भिंत धरून चालेन.

पत्राखाली दरवेळी कवितेची एक ओळ असते. आज सुचली नाही असं नाही. सगळ्या आठवतात, तोंडी आणवत नाहीत.

फांदी धरणारा,
तुझा धाकटा भाऊ