मिक्सर लावण्याआधीची हाक

बाबा, काल मी डॉक्टरला खरं सांगितलं. तुम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही गेल्यावर बीरगांवचं घर केव्हाच विकलं. निवृत्त झाल्यापासून मी रायपुरातच तेलीबांध्याला एकटी राहते, आणि शेजारी म्हणतात तशी फटकळ आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी खोटं बोलू नको म्हणून शिकवलं, आणि त्या शाळेत तुम्हीच घातलंत, तेव्हा आता ऐकून घ्या. स्वयंपाकाला मागच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, एक बाई येते. तुमचा नियम मी तिलाही लावला आहे. मिक्सर सुरू करण्याआधी "हात वर!" अशी हाक द्यायची, स्वयंपाकघरात असेल त्या प्रत्येकाने दोन्ही हात वर करायचे, मगच बटण. चटणी वाटतोय की दरोडा घालतोय, असं ती मला विचारते. तिला काय ठाऊक, ही हाक उरला कारखाना-वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमधून आली आहे. रोल फिरवण्याआधी तुम्ही फोरमन म्हणून ती द्यायचात, आणि सगळी पाळी हात वर करून उभी राहायची.

रायपूर राजधानी झालं त्या हिवाळ्यात मालकाकडे बडे पाहुणे येणार होते. अडकलेला तुकडा तुम्ही रोलमधून काढत होता. पाहुणे फाटकाशी आले म्हणून मुनीमाने हाक न देताच मशीन सुरू करायला लावलं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

मी माझ्या ऑफिसातून धावत येते आहे. तुम्ही फाटकाबाहेर धुळीत बसलेले, हाताला गमछा गुंडाळलेला. आत रोल धुऊन त्याला झेंडूचा हार घालताहेत. नारळ फुटतो. मशीन पुन्हा घरघरायला लागतं आणि तुम्ही, बाबा, त्या आवाजासरशी दोन्ही हात वर करता. गमछ्यातून रक्त कोपरापर्यंत येतं. तुम्ही हात खाली घेत नाही. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुमच्यासाठी गाडी निघाली ती पूजा आटोपल्यावर. आधी लोखंडाची दृष्ट काढली, मग माणसाची आठवण झाली. हॉस्पिटलात मुनीमाने तुमच्या डाव्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "प्रसाद है भैया. डॉक्टर पूछे तो बोलना, घर में लगा." आणि तुम्ही तेच बोललात! मी भडकले, तर उलट मलाच, "काहून ओरडून राहिली वं पोट्टी? मालक मले परत कामावर घेतो म्हणते."

नाही घेतलं. काय करायचं होतं त्यांनी? मशीन बंद ठेवायचं, पहिली गाडी तुमच्यासाठी काढायची, डॉक्टरला खरं सांगायचं, बरे होईपर्यंत पगार द्यायचा, मग त्या हाताला झेपेल असं काम. आणि हाकेशिवाय मशीन पुन्हा कधी सुरू करायचं नाही. हार-नारळाची लगबग जमली, मग एवढं जमलं नसतं?

काल मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आत मिक्सर लागला. हाक नव्हती. लगेच किंकाळी ऐकू आली. धावत जाऊन बटण बंद केलं. बाईने घाईत झाकण न लावता चटणी बोटाने आत ढकलली होती. बोटाचं टोक फाटलं होतं, बाकी हात शाबूत. पण ती रक्ताकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"मोर हाथ ल कोन खींचिस, दीदी?"

कोणी ओढला हात म्हणजे? घरात आम्ही दोघीच. ती हट्टाने सांगत राहिली, मागून मनगट धरून ओढलं म्हणून. मग आवाज बारीक करून म्हणाली, "अंगूठा रहिस. उंगली नइ रहिस."

अंगठा होता, बोटं नव्हती; तुमच्या त्या हाताविषयी मी तिला कधी अवाक्षर बोललेले नाही. भिंतीवर फोटो आहे तो नुसत्या चेहऱ्याचा.

रिक्षात बोटावर फडकं दाबून ती म्हणाली, "डॉक्टर को बोल दूँगी, मेरे घर में लगा. आपका नाम नहीं आएगा. काम तो नहीं छूटेगा ना, दीदी?" वाक्य तेच, मुनीमाच्या जागी मात्र या खेपेला मी. डॉक्टरने विचारलं तेव्हा मी तिला बोलूच दिलं नाही. "माझ्या घरी, माझं काम करताना, माझ्या मिक्सरमध्ये लागलं. लिहून घ्या, आणि उपचाराच्या खर्चाचं माझ्याशी बोला," म्हणाले. बाईला घरी पोचवलं. पगार चालू राहील, काम तुझंच आहे, टाके निघेपर्यंत माझ्या दारात दिसलीस तर खबरदार, असं दटावून आले. झाकण बसवल्याशिवाय सुरू न होणारा मिक्सर मागवला आहे. तो आला की त्याच्या खोक्यात हे पत्र ठेवून देईन.

आज सकाळी स्वयंपाकघरात एकटीने "हात वर!" म्हटलं आणि दोन्ही हात वर केले. पाठीशी तापल्या लोखंडाचा वास आला, तुमच्या गमछ्याला यायचा तसा. मी वळून पाहिलं नाही. तुम्हालाही हात वर करायला जरा वेळ दिला, मग बटण दाबलं.

भांडं रिकामंच होतं, बाबा. चटणी मला नकोच होती.