थंडर सिस्टर्सची लीड गिटार

८ सप्टेंबर, सोमवार
काल गल्लीत भुलाबाई बसली; आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी बायका तिची सासर-माहेरची गाणी गाणार. आज सुमीचा मेसेज: कोजागिरीला हिंगणघाटला येतेय, तुझा बँड ऐकायचाय.
सुमी म्हणजे माझी हॉस्टेलची मैत्रीण. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, अठ्ठ्याहत्तर साली, आमचा रॉक बँड होता. थंडर सिस्टर्स. सुमी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर ड्रम्स, डॉली गायची, मी लीड गिटार. मागे सुमीला लिहून बसले की इथेही माझा बँड आहे. तो फक्त स्थापन व्हायचा राहिलाय.
संकल्प: रोज पहाटे एक तास रियाज.

११ सप्टेंबर
नवी गिटार आली. जुनी कुठे गेली ते आठवत नाही. गंमत म्हणजे बोटांनाही काहीच आठवत नाही. हवा दमट आहे, दुसरं काय! मोबाइलवरचा मास्तर म्हणतो, सुरुवात दोन कॉर्डपासून करा. नवशिक्यांसाठी असेल ते. तरी केली.
नवरा, धनंजय, रिटायर झाल्यापासून घरीच असतो. पेपरमागून म्हणाला, आधी ते मांजर बाहेर काढ, मग वाजव. आमच्याकडे मांजर नाही.

१५ सप्टेंबर
पहाटेचा रियाज पहाटे जमत नाही. रॉक ही मुळात संध्याकाळची गोष्ट.
बँड मिळाला! आमच्या गल्लीतल्या भुलाबाईच्या बायका. रोज संध्याकाळी गातातच. भागीरथाबाईंचा आवाज तर थेट लेड झेपलिनच्या तोडीचा. त्यांना डीप पर्पलचं एक गाणं ऐकवलं. म्हणाल्या, काऊन वो ताई, याले कोणी मारून राह्यलं का? मी म्हटलं, आतली वेदना आहे ती. म्हणाल्या, मंग सून आली असन घरात.
समज चांगली आहे.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
रिहर्सल. पहिली ओळ इंग्रजीत उत्तम. दुसऱ्या ओळीला चाल जरा वळली. तिसऱ्या ओळीत भुलाबाई माहेरी पोचली. टाळ्या थांबेचनात. याला फ्यूजन म्हणतात, सत्तरच्या दशकात सगळे मोठे बँड हेच करत होते.
शब्द तोंडात बसत नाहीत म्हणून नुसतं ‘ये ये ये’ ठेवलं. भागीरथाबाईंनी विचारलं, कोणाले बोलावून राह्यलो जी आपण? इतक्या वेळा बोलावलं तर येजो म्हणा एकदाचा.

२ ऑक्टोबर, दसरा
शस्त्रपूजेत गिटार ठेवली. हळद, कुंकू, झेंडूची माळ, सगळं रीतसर. पूजलेल्या शस्त्राला लगेच हात लावत नाहीत, म्हणून आज रियाज नाही. धनंजय म्हणाला, शस्त्र हा शब्द तू बरोबर निवडलास.

४ ऑक्टोबर
तारांवर कुंकू. बोटं लाल, सूर चिकट. पहिली कॉर्ड येते. दुसरी मनात पक्की आहे.

६ ऑक्टोबर, कोजागिरी. दुपारी
सुमी संध्याकाळी पोचेल. हॉस्टेलची आठवण येतेय. पिंक फ्लॉइड ऐकताना टेपवर गोधडी टाकायचो, सिस्टरना ऐकू जाऊ नये म्हणून. तिच्यासमोर हसं होता कामा नये, एवढंच. तयारी पूर्ण आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार
लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.
गच्चीवर दूध आटत होतं. सुमी पहिल्या खुर्चीत. केस पांढरे, हसणं तेच. मी पहिली कॉर्ड वाजवली. दुसरी आली नाही. परत पहिली वाजवली. सगळे वाट बघत होते. धनंजयसुद्धा हसला नाही, तेव्हा घाबरले.
मग भागीरथाबाईंनी खड्या आवाजात भुलाबाईच उचलली. बायकांनी धरली. सुमीला राहवेना. गाणी संपल्यावर हलवून आत काय ते ओळखायचं म्हणून ठेवलेला खाऊचा बंद डबा तिनं मांडीवर घेतला आणि जे बडवलाय! सगळी गच्ची नाचली. मीसुद्धा, गिटार धनंजयकडे देऊन. झाकण उघडलं तर चकल्यांचा भुगा. भागीरथाबाई म्हणाल्या, वो बाई, वळखाले ठेवलं होतं, कुटाले नाई!
आज सकाळी चहा घेताना सुमीनं विचारलं, तू गिटार कधीपासून शिकतेयस? मी म्हटलं, अगं, लीड गिटार होते ना मी! ती आधी हसली, मग माझा हात धरला. म्हणाली, गिटार डॉलीची होती, ती कुणाला हात लावू देत नव्हती. तू टेपवाली. कॅसेटचं रीळ अडकलं की पेन्सिल घालून गुंडाळायचीस. तू नसतीस तर आम्हाला एकही गाणं पूर्ण ऐकायला मिळालं नसतं.
मी म्हटलं, तुझं वय झालंय, सुमे.
दुपारी ती गेली. जाताना एक कॅसेट ठेवून गेली. आमचीच, हॉस्टेलची. अर्धं रीळ बाहेर लोंबतंय. माझ्याकडून दुरुस्त होणार नाही, असं तिला सांगितलं होतं.
आत्ता टेबलावरची पेन्सिल घेतली. चाकात घातली. हळू, एका लयीत, रिळाला पीळ न पडू देता.
हवा आजही दमट आहे. बोटांना सगळं आठवलं.