राजाचं काम करणारी पार्वतम्मा

प्रिय अनय,

तू लातूरला पोचल्याचा फोन केलास तेव्हाच बोलणार होते, पण तुझा फोन गाडीत सगळ्यांना ऐकू जातो. म्हणून लिहायला बसले. गुडघा दुखतो, तरी वाचनालयाच्या पायऱ्या अजून चढते. परवा तिथं जुन्या नाटक मंडळ्यांवरचं एक पुस्तक हाती लागलं. त्यात बायकांनीच चालवलेल्या एका मंडळीचा फोटो आहे. राजाही बाईच, शिपाईही बाईच, सगळ्यांना मिशा. मी भिंग घेऊन एकेक चेहरा पाहिला. पार्वतम्मा काही सापडली नाही.

तू तिला पाहिलं नाहीस. मी लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा ती आपल्या मागच्या खोलीत राहायची, सत्तरी ओलांडलेली. सगळे तिला मावशी म्हणत. मूळची देगलूरची. रागावली की तेलुगूत बोलायची, गायची मात्र मराठीत. तरुणपणी ती अशाच एका मंडळीत राजाचं काम करायची. पहिल्याच पदाला लोक वन्समोअर देत, आणि तो मिळाल्याशिवाय सिंहासनावर बसायचं नाही, हा तिचा नेम. तुझ्या पणजोबांनी, अण्णारावांनी, तिला तिथून आणली. लग्न केलं नाही. मुलगा झाला तो धोंडाबाईंच्या, म्हणजे लग्नाच्या बायकोच्या, मांडीवर दिला. तो मुलगा म्हणजे तुझे आजोबा हणमंतराव. तिला घरात राहू दिलं, पण गायचं नाही आणि आई म्हणवून घ्यायचं नाही, या बोलीवर. तुझ्या बाबांनी हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं.

एकदा दुपारी आम्ही दोघी मागच्या अंगणात पाट्यावर चटणी वाटत होतो. तिनं तव्याची काजळी बोटावर घेऊन मिशी काढली, पाठ ताठ केली आणि राजाच्या प्रवेशाचं पद सुरू केलं. आवाज फाटलेला होता, पण तान घेताना अंगणात राजाच उभा राहिला. मी हळूच म्हटलं, वन्समोअर. तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. तेवढ्यात आतून मामंजी, म्हणजे तुझे आजोबा, ओरडले, कोण गाऊन राहिलंय? ती पदर मिशीवर ओढत म्हणाली, रेडिओ हाय, मालक. आपल्या घरात तेव्हा रेडिओ नव्हता. मी हसून लोटपोट झाले. पोटच्या पोराला ती मालक म्हणाली, हे माझ्या ध्यानात आलं ते भांडी घासताना.

सर्वपित्रीला तुझे बाबा गुरुजींना तुझ्या पणजीचं नाव धोंडाबाईच सांगायचे. मग सगळ्यांची पानं वाढून झाली की एक पान गुपचूप मागच्या दारी ठेवून यायचे. कुणासाठी, हे कधी बोलले नाहीत. शेवटच्या आजारात दवाखान्यात मात्र माझा हात धरून म्हणाले, पुढच्या सर्वपित्रीला अनयला तिचं नाव सांग, माझ्या तोंडून निघालं नाही. मी हो म्हटलं.

गेल्या वर्षी गुरुजींनी तुला विचारलं तेव्हा मी दाराशीच उभी होते. सूनबाई वर्षाराणीच्या माहेरची मंडळी पंगतीला बसलेली. तू धोंडाबाई म्हणालास आणि मी गप्प राहिले. वर त्या धांदलीत मागच्या दारचं पान ठेवायचंही राहिलं. संध्याकाळी भांडी आवरताना आठवलं. तुझ्या बाबांकडून निदान पान तरी मिळत होतं तिला. माझ्याकडून तेही नाही. लोकांनी तिला लपवलं म्हणून मी इतकी वर्षं मनात त्यांना नावं ठेवत आले, आणि मी तरी दुसरं काय केलं?

सर्वपित्री पुढच्या आठवड्यात आहे. धोंडाबाईंचं नाव गाळू नकोस, त्यांनी लेकरू वाढवलं. पण त्यांच्या पाठोपाठ पार्वतम्मा म्हण. पंगतीत कोणीही असो, मी दाराशी नाही, तुझ्या शेजारी बसेन. मोठ्यानं म्हण, आणि गुरुजी पुढं सरकले तरी पुन्हा एकदा म्हण. एकदा ऐकून बसायची तिला सवय नाही.

तुझीच,
आई