चाळीस मिनिटांचं पोलाद

३ मार्च

झालं! आमची पोलादाची ओपन हार्थ भट्टी या उन्हाळ्यात कायमची बंद. शेजारी ऑक्सिजन फुंकून पोलाद करणारा नवा कन्व्हर्टर उभा राहिलाय. आम्हाला भट्टीभर पोलाद करायला अख्खी पाळी लागते, तो म्हणे चाळीस मिनिटांत मोकळा! नव्या खात्यासाठी परीक्षा आहे, कामगार किंवा घरातलं कुणीही देऊ शकतं. पास झालो तर नोकरी, नाहीतर कंपनीचं क्वार्टर रिकामं करा. अर्ज टाकला. या वयात परीक्षा!

११ मार्च

पुस्तक डोक्यात शिरत नाही. ही समोर बसून प्रश्न विचारते. "ऑक्सिजन कशासाठी फुंकायचा?" मी पानं उलटत बसतो. उत्तर तीच सांगते, वर हसते! मी चिडलो – "भट्टीसमोर कधी उभी राहिलीस?" तर म्हणे, "ठिणग्यांनी भोकं पडलेले शर्ट कोण शिवतं?" मी पुस्तक पुन्हा पुढे ओढलं.

१९ मार्च

आज नाक कापलं गेलं. प्रशिक्षणाला नेलं होतं. कन्व्हर्टरमध्ये लोखंड ओतलं आणि मी सवयीने चहाला गेलो. आमच्याकडे एकदा माल आत पडला की निवांत जेवून या, गप्पा हाणा, पोलाद कुठे पळत नाही. परतलो तर कन्व्हर्टर रिकामा! शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, ओतून झालं की!" सगळे खो खो हसले. मीही हसलो.

२० मार्च

हिला सांगितलं. हसून हसून हिच्या डोळ्यांत पाणी.

२ एप्रिल

निळ्या काचेतून भट्टीत डोकावलो. उतू जाणाऱ्या दुधासारखं पोलाद खदखदत होतं. सत्तर वर्षं रेल्वेचे रूळ, पूल, जहाजांचे पत्रे, सगळं इथूनच गेलं. हे गावसुद्धा भट्टीमागोमाग वसलं. वाईट वाटलं. ही म्हणते, "वाळत घातलेले कपडे तरी आता काळे होणार नाहीत." तेही खरंच! नवं काही वाईटच असतं असं थोडंच आहे?

९ एप्रिल

सकाळच्या तुकडीत परीक्षा दिली. बरी गेली असावी. घरी आलो तर कुलूप! ही संध्याकाळी आली. "जरा काम होतं." मी दमलो होतो, जास्त विचारलं नाही.

२१ एप्रिल

निकाल लागला. मी नापास. क्वार्टर मात्र राहिलं – दुपारच्या तुकडीत बसलेली आमची ही पास झालीय! सांगताना रडली. मीही.